रोटरी काका

आमच्या सिडकोतल्या गल्लीत नुसतं ‘काका’ म्हणून हाक मारली तर पाच-सहा जण वळून बघतात. ‘रोटरी काका’ म्हटलं की एकच. आणि ते सापडायला वेळ लागत नाही. पोर्चमध्ये, स्कूटरशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर फडकं टाकून बसलेले असतात. नव्या माणसाला वाटतं, रोटरी क्लबचे असतील. मागे एक गृहस्थ रक्तदान शिबिराला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायला आले होते. काकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि पाऊण तास एपेक्स सीलवर बोलले. गृहस्थ बाहेर पडताना मला हळूच विचारत होते, “यांना हा त्रास कधीपासून आहे?”

तीन वर्षांपासून. रोटरी हे एका इंजिनाचं नाव आहे. त्यात पिस्टन नसतो, व्हॉल्व्ह नसतात, वरखाली काही होत नाही, जे काय व्हायचं ते गोल गोल होतं. असल्या इंजिनाला काकांनी आजवर हात लावलेला नाही. डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. चारचाकीचं लायसन त्यांच्याकडे नाही. तरीही इंग्लंडातल्या कोव्हेंट्री गावात एका पुतण्याच्या दारात उभी असलेली मॅझ्दा आरएक्स-८ ही संभाजीनगरातून चालते, यात गल्लीला शंका नाही.

पुतण्याचा फोन आला तो दिवस मला आठवतो. ‘काका, मी आरएक्स घेतली.’ आता आमच्याकडे आरएक्स म्हणजे यामाहाची आरएक्स हंड्रेड. दुसरी आरएक्स आम्हाला ठाऊक नाही. १९९६ला ती बनायची थांबली, तरी कॉलेजच्या रस्त्यावर तिचा आवाज ऐकला की अजून चाळिशीतली माणसं माना वळवतात. काकूंनी लगेच हात जोडले, “त्या गावात एवढी थंडी, आणि हा मोटारसायकल घेऊन बसला!” मग फोटो आला. तांबडी, बुटकी, पुढून हसऱ्या तोंडाची गाडी. चार दारं, त्यातली मागची दोन आपल्या जुन्या कपाटासारखी उलटी उघडणारी. २००५चं मॉडेल, चौथा मालक, किंमत पंधराशे पौंड. काकांनी बोटांवर हिशेब केला. दीड-पावणेदोन लाख. चांगल्या अवस्थेतल्या आरएक्स हंड्रेडला हल्ली आपल्याकडे लाखाच्या पुढे सांगतात. काका गप्प झाले. टूलरूममधल्या माणसाला स्वस्ताईची भीती वाटते.

टूलरूमचं सांगायला हवं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारी लहान-मोठी वर्कशॉपं उभी राहिली. त्यातल्या एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये काका लागले आणि एकतीस वर्षांनी टूलरूममधूनच निवृत्त झाले. मधे दोनदा प्रमोशन आलं, दोनदा नाकारलं. वर गेलं की हाताला तेल लागत नाही, असं त्यांचं कारण. घरी व्हर्निअर आहे आणि तो देवघराच्या खालच्या खणात असतो. काकूंची पोळी कडेला जाड होते हे त्यांनी एकदा आकड्यात सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस ते बाहेर जेवले. ज्या शहरातल्या मंडळींनी ऑक्टोबर २०१०मध्ये एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेऊन देशभर बातमी केली, त्याच शहरात काका आपली जुनी चेतक रोज पुसून, झाकून, पुन्हा उघडून बघतात. ताशी चाळीसच्या वर ती गेलेली कुणी पाहिलेली नाही.

तर ‘चौथा मालक’ आणि ‘रोटरी’ हे दोन शब्द काकांच्या डोक्यात बसले आणि पुढचे आठ दिवस काका कुणाशी बोलले नाहीत. मुलीच्या लॅपटॉपवर वाचत होते. नवव्या दिवशी गुलमंडीवरून समोसे आणले आणि आम्हा चौघांना बोलावलं.

समोसे खायला नव्हते. समोर काकूंचा जुना लांबट स्टीलचा डबा, दोन्ही टोकांना गोल. काका म्हणाले, “हे हाउसिंग. खरं म्हणजे हे मधे जरा चिमटलेलं असतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं. पण हिचा डबा ही चिमटू देत नाही. आणि हा रोटर.” समोसा डब्यात आडवा ठेवला. “तीन बाजू, तीन कोपरे. तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले पाहिजेत. आता हा फिरला की भिंत आणि समोसा यांच्यातली जागा कधी मोठी होते, कधी लहान. मोठी झाली की पेट्रोल-हवा आत. लहान झाली की दाब. मग ठिणगी. मग धूर बाहेर. एकाच वेळी तिन्ही बाजूंना तीन वेगळी कामं चाललेली. समोसा एकदा फिरला की मधला शाफ्ट तीनदा फिरतो. कळलं?”

आम्ही होय म्हणालो. भूक लागली होती.

काकांनी समोसा फिरवायला घेतला. दुसऱ्याच फेरीला त्याचे तिन्ही कोपरे डब्याला घासून झडले, बटाटा बाहेर आला. आम्हाला वाटलं प्रयोग फसला. काका मात्र खुशीत ओरडले, “हेच! हेच! कोपरा झिजला की दाब गेला, दाब गेला की इंजिन गेलं. त्या कोपऱ्यावर जी पट्टी असते ना, ती एपेक्स सील. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मॅझ्दावाल्यांच्या हाउसिंगला आतून ओरखडे उठायला लागले तर त्यांचे लोक त्याला सैतानाची नखं म्हणायचे. सत्तेचाळीस इंजिनिअर बसवले त्यावर, यामामोटो नावाच्या माणसाच्या हाताखाली. आमच्याकडेही सत्तेचाळीस होते. काम दोघं करायचे.” मग १९६७ला कॉस्मो आली, १९९१ला ल मांची चोवीस तासांची शर्यत याच इंजिनानं मारली, हे सगळं त्यांनी उभ्यानं सांगितलं. समोसे गार झाले. त्या डब्यात काकू आता पोहे ठेवत नाहीत.

पुढं काकांनी प्लायवूडचा रोटरही केला. करवतीनं कापून, कानशीनं घासून, कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावून. तो शोकेसमध्ये, मुलीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी आहे. ढाल जरा मागं सरकवली आहे.

आता प्रश्न उपचाराचा. पुतण्याचं वय सव्वीस, पहिलीच गाडी, खिशात सुधारणेसाठी म्हणून बाजूला काढलेले पाचशे पौंड. त्याच्या यादीत पहिलं होतं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. दुसरं, काळी चाकं. तिसरं, मागं पंख. काकांनी यादी ऐकली आणि एवढंच विचारलं, “बाळा, कॉइल कधी बदलल्यात?” पुतण्याला माहीत नव्हतं. “प्लग?” माहीत नव्हतं. “मग पंख लावून उडणार कुठं?”

हे काकांचं ठाम मत आहे आणि माझंही आता झालंय: जुनी गाडी घेतलेल्या माणसाला सगळ्यात आधी नटवायची घाई होते. आपल्याकडे तर पासिंगच्या आधी काचेवर देवाचं नाव येतं. या गाडीला दोन रोटर, प्रत्येकाला दोन प्लग, असे चार प्लग आणि चार कॉइल. कॉइल थकल्या की ठिणगी अर्धवट पडते, न जळलेलं पेट्रोल तसंच पुढं जातं आणि सायलेन्सरमधला कॅटलिस्ट जाळतं. तो गेला की खर्च सायलेन्सरच्या कितीतरी वर. म्हणून पाचशे पौंडांची काकांनी केलेली वाटणी अशी: चार कॉइल, चार प्लग, त्यांच्या वायरी, ऑइल आणि फिल्टर, कूलंट. उरलेल्यात एक काडेपेटीएवढं यंत्र, जे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की इंजिनाचं खरं तापमान मोबाइलवर दिसतं. ते कशाला, तर या गाडीच्या डॅशबोर्डावरचा काटा पाणी तापलं तरी मधेच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. “घरातल्या कर्त्या माणसासारखा आहे तो काटा,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. काका ऐकू आलं नाही असं दाखवतात.

तेव्हापासून रोज एक आकडा येतो. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद. एकदा सत्त्याण्णव आला तर काकांनी फोन करून पोराला चढावरून उतरवलं. फ्रिजवर चुंबकानं दोन कागद लावलेत. एक काकूंच्या बीपीचा, एक गाडीचा. गाडीचा कागद जास्त नियमानं भरलेला आहे.

पण मुख्य भानगड ऑइलची. हे इंजिन ऑइल खातं, आणि तो बिघाड नव्हे, रचनाच आहे. एक छोटा पंप थेंब थेंब ऑइल आत सोडतो, म्हणजे सील कोरडे फिरत नाहीत. म्हणून दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना ऑइल बघायचं. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरलेला. “बॉनेट उघड. काडी काढ. पूस. परत घाल. काढ. कॅमेऱ्यापुढं धर. तिरकी कशाला धरायलास? सरळ.” काकांची दोनशे पानी वही आहे, त्यात तारीख, वाचन, टाकलेलं ऑइल. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं काकू दुधाचा हिशेब लिहितात. मागच्या पावसाळ्यात दोन्ही बाजू मधे भेटल्या. ‘१२ तारीख, अर्धा लिटर जास्त’ ही नोंद कोव्हेंट्रीची की गवळ्याची, यावर घरात अजून वाद आहे.

शिवाय जाणकार लोक पेट्रोलच्या टाकीतच थोडं टू-टी ऑइल टाकतात, सीलला आणखी आधार म्हणून. हे पुतण्यानं जरा भीतभीत सांगितलं. काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पेट्रोलमध्ये ऑइल! अहो, आख्खी हयात त्यांनी तेच केलं. पंपावर ‘दोन लिटर, ऑइल मारून’ म्हणायचं, माप स्वतः बघायचं. “लिटरला वीस मिली,” काकांनी झटकन सांगितलं. पुतण्या म्हणाला, “काका, हिला पाच पुरेत, फार तर दहा.” काका पंधरावर आले. पुतण्या पाचावरच. शहागंजात चादर घेतल्यासारखी ही घासाघीस दोन रविवार चालली आणि सातवर तुटली.

मग ती रात्र. जानेवारी महिना, आमच्याकडे अकरा, तिकडं संध्याकाळचे साडेपाच. शेजाऱ्याची गाडी बाहेर काढायची म्हणून पुतण्यानं आपली सुरू केली, दहा फूट पुढं घेतली आणि बंद केली. परत सुरू होईना. फोन आला.

“किती वेळ चालवलीस?”

“अर्धा मिनिट, काका.”

काका बराच वेळ बोललेच नाहीत. काकूंना वाटलं कुणी गेलं, त्या उठून बसल्या. रोटरी इंजिन गार असताना सुरू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, सीलवरचं ऑइल धुऊन जातं. मग दाब बसत नाही आणि स्टार्टर नुसताच फिरतो. सुरू केलीस तर गरम होईपर्यंत बंद करायची नाही, हे काकांनी पोराकडून तीनदा वदवून घेतलं होतं. पण संकटात माणूस मूळ स्वभावावर जातो. काकांच्या तोंडून पहिला उपाय निघाला तो असा: “जरा आडवी करून बघ.”

तिकडं शांतता. तेराशे किलोची गाडी.

“अहो काका…”

“बरं, राहू दे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. पार खाली. म्हणजे पेट्रोल यायचं थांबतं. आता चावी फिरव. सोडू नको! धर! धर म्हणतो ना! सोड आता. दम खाऊ दे तिला. पुन्हा!” हे सगळं पोर्चमध्ये, पूर्ण आवाजात. ‘धर, सोडू नको’ ऐकून समोरचे गुरुजी काठी घेऊन बाहेर आले, मागून मी, मग कोपऱ्यावरचा वॉचमन. चोर कुठं दिसेना. काका फोनकडं बघून ओरडताहेत, काकू शाल घेऊन मागं उभ्या. सहाव्या खेपेला फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला, मग एक लांबलचक गुरगुर, आणि पडदा पांढरा झाला. धूर. “लागली!” काका स्टुलावर बसले. मग एकदम भानावर येऊन, “आता अर्धा तास बंद करशील तर याद राख. जा, फिरून ये कुठंतरी.” पोरगं त्या थंडीत गावाबाहेर चक्कर मारून आलं. आम्ही वॉचमनसकट चहा घेतला.

गुरुजींना झोपमोड सोसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोमणा मारलाच, “ज्याला गाडी चालवता येत नाही त्यानं इंग्लंडची गाडी दुरुस्त करावी, वा!” काका याचीच वाट बघत असावेत. म्हणाले, “गुरुजी, हे इंजिन ज्यानं काढलं तो फेलिक्स वांकेल. जर्मन माणूस. डोळे इतके अधू, की आयुष्यभर ड्रायव्हिंगचं लायसन काढलं नाही. त्याचं अडलं नाही.” गुरुजींनी पेपर वर धरला. काकांनी पेपरच्या पलीकडून पुढं चालू ठेवलं: आणि गोल फिरणाऱ्या यंत्राचं आम्हाला काय कौतुक सांगता, आपली पाणचक्की काय आहे? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळातून मैलोन्‌मैल आणलं, उंचावरून पात्यांवर सोडलं, जातं फिरलं, दर्ग्यातल्या फकिरांचं पीठ निघालं. पिस्टन आहे का त्यात? नाही. ज्या शहराला मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी नहरीतून पाणी पाजलं, त्याला आज नळाची वाट बघत आठवडा काढावा लागतो, ही गोष्ट वेगळी. तेवढ्यात टँकर आला आणि गुरुजी सुटले.

काकांना इंग्लंडबद्दल आदर होता, तो एका गोष्टीनं गेला. पुतण्या सहज बोलून गेला की बर्फ पडला की इथं रस्त्यावर मीठ टाकतात. “मीठ? रस्त्यावर? आणि गाडी त्यावरून नेतोस?” या मॉडेलला मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालची पट्टी गंजायची खोड आहेच. त्या रात्री काका जेवले नाहीत. आता थंडीभर दर रविवारी काडीआधी गाडीची खालून आंघोळ होते, आणि पुतण्याला पाण्याचा पाइप चाकाच्या आत कुठं धरायचा हे काका इथून बोटानं दाखवतात. काकू म्हणतात, पोरगं स्वतः आंघोळ करतं का हे कधी विचारलं नाही तुम्ही.

नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो: ॲव्हरेज काय देते? लग्नात, मुंजीत, दहाव्यालासुद्धा. लिटरला सात-आठ किलोमीटर हा आकडा आमच्या समाजात उच्चारण्यासारखा नाही. काका शांतपणे सांगतात, “ती देत नाही. घेते.” आणि विषय कॉम्प्रेशनवर नेतात.

कॉम्प्रेशन चाचणी म्हणजे या गाडीची बोर्डाची परीक्षा. साधं मीटर चालत नाही. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगळा दाखवणारं यंत्र लागतं. दोन रोटर, सहा आकडे. नवं इंजिन साडेआठच्या घरात, आणि ६.९च्या खाली गेलं की नापास, म्हणजे इंजिन खोलायचं, म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त खर्च. खरं तर ही चाचणी गाडी घ्यायच्या आधी करायची असते. पुतण्यानं रंग बघून घेतली होती. निकालाच्या दिवशी काका सकाळपासून पोर्चमध्ये येरझाऱ्या घालत होते. मेसेज आला. काकांनी चष्मा पुसला आणि मोठ्यांदा वाचला: “सात पॉइंट चार, सात पॉइंट तीन, सात पॉइंट चार. मागचा रोटर, सात पॉइंट एक, सात पॉइंट दोन, सात पॉइंट एक.” मग वहीत उतरवून खाली रेघ मारली. “सगळ्या विषयांत पास. मागचा जरा कच्चा आहे. क्लास लावू.” गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे हे काकूंनी कुणाला सांगू दिलं नाही, म्हणून निम्म्या गल्लीला अजून वाटतं पुतण्याचं लग्न ठरलं.

गेल्या डिसेंबरात पुतण्या आला. काकूंना चॉकलेट, स्वेटर. काकांना वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार जुने स्पार्क प्लग. काकांनी ते उजेडात धरले, एकेकाच्या टोकाचा रंग पाहिला, वास घेतला. तीन बदामी. चौथा काळसर. “हा मागचा ना?” पुतण्या थक्क. दुपारी दोघं चेतकवर दौलताबादला गेले. काका पुढं, तरणा पोरगा मागं, नऊ हजार आरपीएमची सवय झालेला, आणि वाटेत त्यांना उसाच्या ट्रॅक्टरनं मागं टाकलं. किल्ल्याच्या दारात उतरल्यावर पुतण्यानं सवयीनं सांगितलं, “काका, लगेच बंद करू नका.” काकांनी स्कूटर दोन मिनिटं तशीच चालू ठेवली. चेतकला त्याची काही गरज नव्हती.

तो परत गेला. रविवारचा फोन चालू आहे, मागच्या रोटरचा क्लासही. काकांनी मात्र अजून रोटरी इंजिन प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. फोनवरचा आवाज त्यांना खरा वाटत नाही. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे, किंवा ओळखीत कुणाकडे, आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ असेल आणि समृद्धीवरून संभाजीनगरला येणं होणार असेल, तर अर्धा तास आमच्या गल्लीसाठी ठेवा. सिडकोत येऊन रोटरी काका विचारलं की कुणीही घर दाखवेल. चहा काकू करतील. आणि फाटकासमोर आल्यावर, कृपा करून, गाडी लगेच बंद करू नका.